कर्मणी म्हणजे पॅसिव्ह नव्हे

तुम्ही डब्लिनमध्ये वाढला असाल (आयर्लंडमधल्या नव्हे, कॅलिफोर्नियातल्या, 580 आणि 680 हे हायवे मिळतात तिथल्या), तर इंग्रजीच्या निबंधावर शिक्षकांनी केलेली एक खूण तुमच्या ओळखीची असेल: हे वाक्य पॅसिव्हमध्ये आहे, बदला. आणि रविवारी मराठी शाळेत जात असाल, तर तिथे फळ्यावर एक समीकरणही पाहिलं असेल: कर्तरी प्रयोग म्हणजे ॲक्टिव्ह व्हॉइस, कर्मणी प्रयोग म्हणजे पॅसिव्ह व्हॉइस. दोन्ही शाळांचं मनापासून ऐकलं तर निष्कर्ष सरळ निघतो. कर्तरी चांगलं, कर्मणी वाईट.

आता हे वाक्य घ्या: "आईने पोळी लाटली." क्रियापद कुणाच्या तालावर नाचतंय? पोळीच्या. आईच्या जागी बाबांना आणा, "बाबांनी पोळी लाटली", क्रियापद तसंच राहतं. पोळीच्या जागी पापड आणा, लगेच "लाटला" होतं. म्हणजे हा कर्मणी प्रयोग. मग इंग्रजीच्या नियमानुसार तो बदलून "आई पोळी लाटली" असं म्हणायचं का? प्रमाण मराठीत असं वाक्यच होत नाही. आणि "आईने पोळी लाटली" यात आई कुठे लपली आहे? ती तर पहिल्याच शब्दात उभी आहे, हातात लाटणं घेऊन.

गडबड समीकरणात आहे. इंग्रजी व्हॉइस हा खुर्चीचा प्रश्न आहे: वाक्यातली मुख्य खुर्ची, म्हणजे सब्जेक्टची जागा, करणाऱ्याला मिळाली की ज्याच्यावर काही केलं गेलं त्याला? मराठी प्रयोग हा वेगळाच प्रश्न विचारतो: क्रियापद लिंग आणि वचन कुणाचं घेतं? कर्त्याचं घेतलं तर कर्तरी, कर्माचं घेतलं तर कर्मणी, कुणाचंच न घेता नपुंसकलिंगी एकवचनात बसून राहिलं तर भावे. "शिवाजी महाराजांनी अफझलखानाला मारलं" हा भावे प्रयोग. मारणारा समोर, मरणारा समोर, आणि क्रियापद दोघांकडेही बघत नाही. इंग्रजीत याला कुठला व्हॉइस म्हणाल? सरळ ॲक्टिव्ह.

मग हे समीकरण आलं कुठून? त्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

कर्तरी, कर्मणी, भावे हे तिन्ही शब्द पाणिनीच्या व्याकरणातले, म्हणजे दोन हजार वर्षांहून कितीतरी जुने. संस्कृतात ती खरोखर बोलणाऱ्याची निवड होती. "रामः फलं खादति" म्हणा किंवा "रामेण फलं खाद्यते" म्हणा. राम फळ खातो, किंवा रामाकडून फळ खाल्लं जातं. इथे कर्मणीचं पॅसिव्हशी बऱ्यापैकी जमतं. पण पुढे काय झालं, की भूतकाळ सांगण्यासाठी लोक क्रियापदाच्या जुन्या रूपांऐवजी "रामेण फलं खादितम्" ही रचना जास्त जास्त वापरू लागले. रामाकडून खाल्लं गेलेलं फळ. प्राकृत भाषांतून येता येता ही रचना इतकी नेहमीची झाली, की तिच्यातला "कडून" कुणाला ऐकूच येईना. रामेणचं "रामाने" झालं, खादितम्‌चं "खाल्लं" झालं, आणि मराठीत भूतकाळ सांगायचा हाच रस्ता उरला. अर्थ ॲक्टिव्ह झाला, पण क्रियापद जुन्या सवयीने फळाकडेच बघत राहिलं.

भाषाशास्त्रात या प्रकाराला एर्गेटिव्ह म्हणतात. हिंदीत तो आहे, कुर्दीत आहे, जॉर्जियनमध्ये आहे, आणि बास्कमध्येही आहे. (कॅलिफोर्नियाच्या डोंगरांत मेंढ्या चारायला आलेल्यांत बरेच जण बास्क होते. भाषेच्या या एका बाबतीत ते आपल्याला इंग्रजांपेक्षा जवळचे!)

तुम्ही म्हणाल, "मी पोळी खाल्ली" यात तर "ने" नाहीच. नाही, कारण तो आत विरघळला आहे. एकोणिसाव्या शतकातली छापील मराठी उघडा, तिथे "म्यां पोथी वाचली", "त्वां काय केलें" अशी रूपं सर्रास दिसतील. "म्यां" म्हणजे माझ्याकडून, मी-ने. पुढे म्यांचं नुसतं मी राहिलं. म्हणूनच इथे वाढलेली मुलं "मी पोळी खाल्लो" म्हणतात तेव्हा त्यांचा तर्क चुकलेला नसतो. समोर "मी" दिसतोय, "ने" कुठेच नाही, मग क्रियापदाने माझं ऐकायला नको का? सोलापूर, लातूर, नांदेडकडेही "मी काम केलो" ऐकू येतं. शेजारच्या कन्नड आणि तेलुगूत क्रियापद कर्त्याचंच ऐकतं. तेव्हा आजी हसली तर तिला सांगा, लातूरलाही असं बोलतात.

आणि जुना, खराखुरा पॅसिव्ह? तोही मराठीत होता. "करिजे", "बोलिजे" अशी त्याची रूपं असत. त्या रूपांचं राज्य गेलं, पण दोन शब्द मागे राहिले आणि ते तुम्ही दिवसातून पन्नास वेळा वापरता. एक "म्हणजे", मुळात म्हणिजे, म्हणजे म्हटलं जातं. दुसरा "पाहिजे", जे पाहिलं जातं, शोधलं जातं ते. "मला पाणी पाहिजे" हे वाक्य पाण्याबद्दल आहे. मी त्यात "मला" होऊन बाजूला उभा आहे. मराठी कशी घडली याचा विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अभ्यास करणारे फ्रेंच विद्वान ज्यूल ब्लॉक यांच्यापासून अनेकांनी या अवशेषांची नोंद केली आहे.

आता 1836 सालच्या मुंबईत येऊ. दादोबा पांडुरंग तर्खडकर, जन्म 1814, म्हणजे वय बावीसच्या आसपास, यांनी मराठीचं व्याकरण छापलं. त्याआधी विल्यम कॅरी यांचं 1805 सालचं मराठी व्याकरण होतं, पण ते इंग्रजीत, आणि कंपनीच्या साहेबांना मराठी शिकवण्यासाठी. दादोबांचं पुस्तक मराठी मुलांसाठी होतं, मराठीतून. पुढे लोक दादोबांना मराठीचे पाणिनी म्हणू लागले. जातिभेद न मानणाऱ्या परमहंस सभेच्या संस्थापकांतही ते होते, पण तो वेगळ्या एपिसोडचा विषय.

त्यांच्यापुढची अडचण विचारात घ्या. शाळेत आलेलं व्याकरण इंग्रजी साच्याचं. त्या काळात लिंडले मरे यांचं 1795 सालचं इंग्रजी व्याकरण अमेरिकेत आणि इंग्रजी राज्यात सगळीकडे चालायचं. हे मरे मूळचे पेनसिल्व्हेनियाचे. तर एका हाताला मरेंचे ॲक्टिव्ह-पॅसिव्ह, दुसऱ्या हाताला पाणिनीचे कर्तरी-कर्मणी, आणि मध्ये मराठी, जी दोघांच्याही मापात बसत नाही. पुढची पाऊणशे वर्षं व्याकरणकार यावर वाद घालत राहिले. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी दादोबांचं व्याकरण तपासत निबंध लिहिले. 1911 मध्ये मोरो केशव दामले (कवी केशवसुतांचे धाकटे भाऊ) यांनी "शास्त्रीय मराठी व्याकरण" हा जाडजूड ग्रंथ काढला आणि आधीच्यांची मतं एकेक करून पारखली. दामल्यांच्या परंपरेत "रावण रामाकडून मारला गेला" अशा रचनेला "नवीन कर्मणी" म्हणतात. नवीन, कारण ती इंग्रजीच्या वळणाने फोफावली. खऱ्या अर्थाने पॅसिव्ह म्हणावी अशी रचना हीच, आणि नेमकी तीच घरात कुणी बोलत नाही.

मला वाटतं, समीकरण रुजलं ते परीक्षेमुळे. महाराष्ट्रात शिकलेल्या आईबाबांना विचारा, "चेंज द व्हॉइस" हा प्रश्न त्यांना झोपेतही सोडवता येईल. इंग्रजीच्या तासाला पॅसिव्ह समजवायला मराठीतला हाताशी असलेला शब्द कर्मणी, तो वापरला गेला. शिक्षकांची सोय झाली. पण त्यात आपल्याच भाषेतलं एक वाक्य वाचायची दृष्टी हरवली, आणि ते नुकसान मला व्याकरणापुरतं वाटत नाही.

त्याआधी इंग्रजीचीही थोडी हजेरी घेऊ, कारण तिथेही हा नियम वाटतो तितका जुना नाही. अठराव्या शतकात इंग्रज "घर बांधलं जात आहे" या अर्थी "द हाउस इज बिल्डिंग" म्हणत. "इज बीइंग बिल्ट" हे रूप त्या शतकाच्या अखेरीस लिखाणात दिसू लागलं, आणि एकोणिसाव्या शतकात जॉर्ज पर्किन्स मार्श, रिचर्ड ग्रँट व्हाइट यांच्यासारखे अमेरिकन पंडित त्यावर तुटून पडले. भाषा बुडाली म्हणाले. आज ते रूप सगळे वापरतात. पॅसिव्ह टाळा हा उपदेश मुख्यतः विसाव्या शतकातला: विल्यम स्ट्रंक यांची 1918 सालची छोटी पुस्तिका, मग जॉर्ज ऑर्वेल यांचा 1946 सालचा राजकारण आणि इंग्रजी भाषेवरचा निबंध. गंमत अशी, की लोक पॅसिव्ह फार वापरतात ही तक्रार ऑर्वेलनी त्याच निबंधात पॅसिव्ह वाक्यातच केली आहे. भाषाशास्त्रज्ञ जेफ्री पुलम यांनी अशा अनेक गोष्टी दाखवून दिल्या, आणि हेही, की पॅसिव्हला नावं ठेवणाऱ्या बऱ्याच जणांना पॅसिव्ह ओळखताच येत नाही.

पण उपदेशामागची भीती खोटी नव्हती. जानेवारी 1987 मध्ये इराण-काँट्रा प्रकरणावर बोलताना अध्यक्ष रेगन यांनी गंभीर चुका केल्या गेल्या असं सांगितलं. कुणी केल्या ते वाक्यात नव्हतं. अशी वाक्यं पकडायला शिकवणारे तुमचे इंग्रजीचे शिक्षक चांगलंच काम करतात.

मराठीत मात्र हा सापळा वेगळ्या ठिकाणी आहे. पुढची दोन वाक्यं शेजारी ठेवा.

"1818 मध्ये पेशवाई बुडाली." "1818 मध्ये इंग्रजांनी पेशवाई बुडवली."

पहिलं कर्तरी आहे: कर्ता पेशवाई, क्रियापद तिचं ऐकतंय. दुसरं कर्मणी. फळ्यावरच्या समीकरणानुसार पहिलं सरळ आणि दुसरं लपवाछपवीचं. प्रत्यक्षात बरोबर उलटं! पहिल्यात पेशवाई जणू पावसात होडी बुडावी तशी आपोआप बुडते. दुसऱ्यात बुडवणारा हजर आहे. मराठीत अशा क्रियापदांच्या जोड्या भरपूर आहेत: फुटणे-फोडणे, तुटणे-तोडणे, पडणे-पाडणे, जळणे-जाळणे, मरणे-मारणे. जोडीतलं पहिलं क्रियापद घेतलं की करणारा गायब, आणि वाक्य मात्र शुद्ध कर्तरी. भूतकाळात दुसरं घेतलं की कर्मणी किंवा भावे, आणि मग "कोणी?" या प्रश्नाला "ने" किंवा "नी" लावून उत्तर देणं भाग पडतं.

मुंबईच्या हुतात्मा चौकात कधी गेलात तर हे आठवा. संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनात शंभराहून जास्त माणसं गेली. 21 नोव्हेंबर 1955 रोजी फ्लोरा फाउंटनपाशी लोकांवर गोळ्या चालल्या. आत्ता मी काय लिहिलं पाहिलंत? "माणसं गेली", "गोळ्या चालल्या". दोन्ही कर्तरी, दोन्ही व्याकरणशुद्ध. बंदूक कुणाच्याच हातात नाही. "पोलिसांनी गोळ्या झाडल्या" म्हणा, कर्मणी म्हणा, आणि लगेच पुढचे प्रश्न येतात: कुठले पोलीस, कुणाच्या राज्यात, कुणाच्या हुकमाने? तेव्हा मुंबई राज्याचे मुख्यमंत्री मोरारजी देसाई होते. हे नाव वाक्यात यायला आधी वाक्यात त्याला जागा लागते.

सरकारी मराठीची तऱ्हा आणखी निराळी. तिथे लाडकं शेपूट आहे "-ण्यात आले". आदेश देण्यात आले, कळवण्यात येते, खुले करण्यात आले. हे शेपूट काय करू शकतं हे पाहायला महाडला जावं लागेल. 1923 मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला: सरकारी पैशातून चालणारे पाणवठे, विहिरी, शाळा अस्पृश्य मानलेल्यांना खुल्या असाव्यात. त्याला धरून महाडच्या नगरपालिकेने 1924 मध्ये चवदार तळं खुलं केलं. कागदावर तळं खुलं करण्यात आलं होतं. तीन वर्षं त्या वाक्यातून कुणाला ओंजळभर पाणी मिळालं नाही. 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्याबरोबर हजारो माणसं तळ्यावर गेली आणि पाणी प्याली.

या शेवटच्या क्रियापदाकडे जरा थांबून बघा. पिणे सकर्मक आहे. पाणी हे त्याचं कर्म. तरी भूतकाळातसुद्धा ते कर्त्याचंच ऐकतं: "माणसं पाणी प्याली". शिकणे, विसरणे अशी मोजकीच क्रियापदं मराठीत असं वागतात. "मी धडा शिकलो" म्हणतो आपण. हा निव्वळ व्याकरणाचा योगायोग, त्याचा महाडशी संबंध नाही. पण मला तो आवडतो.

त्यानंतर काय झालं तेही सांगायला हवं, आणि जोडीतल्या दुसऱ्या क्रियापदाने: सवर्णांच्या जमावाने परतणाऱ्या लोकांना मारहाण केली, आणि त्याच वर्षी नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. तळ्यावरचा हक्क उच्च न्यायालयाने मान्य केला तो 1937 मध्ये. शाळेच्या पुस्तकात "दलितांना पाणवठ्यावर प्रवेश नाकारला जात असे" असं वाचाल तेव्हा तिथे पेन्सिलीने "कोणी?" असं लिहून ठेवायला हरकत नाही. पुस्तक वाचनालयाचं असेल तर वहीत लिहा.

आता घरी, डब्लिनला. हे शहर म्हणून नोंदलं गेलं 1982 मध्ये; 2020च्या जनगणनेत लोकसंख्या सुमारे 72 हजार, त्यातले निम्म्याहून जास्त आशियाई वंशाचे. गावाची ओळख सांगताना आयरिश वसाहतकार येतात, मायकेल मरे आणि जेरेमाया फॅलन. हेरिटेज पार्कमध्ये 1856 सालची मरे शाळाही उभी आहे. (हे मरे वेगळे, व्याकरणवाले नव्हेत.) त्यांच्या आधी जमीन होती होसे मारिया अमादोर यांच्याकडे, 1830च्या दशकात मेक्सिकन सरकारने त्यांना ती दिली. त्याच्याही आधी, आणि त्या वेळीही, इथे ओलोनी लोक राहत होते. त्यांच्याबद्दलची वाक्यं बहुतेकदा पेशवाईसारखी असतात: त्यांची संख्या घटली, त्यांच्या वस्त्या नाहीशा झाल्या. रोगराईने माणसं मेली हे खरंच आहे, पण सगळी काही रोगराईने नाही.

या अमादोर यांनी 1877 मध्ये, अगदी म्हातारपणी, आपल्या आठवणी टॉमस सॅव्हेज नावाच्या माणसाला स्पॅनिशमध्ये सांगितल्या. ते हस्तलिखित बर्कलीच्या बॅनक्रॉफ्ट ग्रंथालयात आहे, डब्लिनहून ट्रेनने जाता येतं. त्यात त्यांनी सॅन वाकीन खोऱ्याकडे काढलेल्या एका मोहिमेची हकीकत सांगितली आहे: मूळ रहिवाशांना जेवणाच्या आमिषाने बोलावून कसं पकडलं, आणि मग बाप्तिस्मा देऊन कसं ठार केलं. आम्ही केलं, मी केलं, असं. वाचवत नाही ते. पण आज त्याच इतिहासावर "लोकसंख्या घटली" लिहिणाऱ्या कुणाहीपेक्षा त्या म्हाताऱ्याच्या वाक्यात कर्ता जास्त ठळक आहे.

भाषेतल्या अशा फरकाने खरंच काही होतं का, की हा आमच्यासारख्यांचा छंद? बेच्या पलीकडे स्टॅनफर्डमध्ये केटलिन फॉसी आणि लेरा बोरोडिट्स्की यांनी हे तपासलं. त्यांचा 2010 सालचा एक प्रयोग 2004च्या सुपर बोलवर आहे, जिथे जस्टिन टिंबरलेकच्या हाताने जॅनेट जॅक्सनच्या पोशाखाचा भाग निघाला. काहींना वाचायला दिलं की त्याने कापड फाडलं, काहींना की कापड फाटलं. फाडणे आणि फाटणे, आपलीच जोडी. "फाडलं" वाचलेल्यांनी त्याला जास्त दोष दिला आणि जास्त दंड ठोठावला, व्हिडिओ डोळ्यांनी पाहिलेल्यांच्या बाबतीतसुद्धा. आणि लक्षात घ्या, इंग्रजीतल्या त्या दोन्ही वाक्यांत पॅसिव्ह कुठेच नव्हता.

यावरून "फुटला", "पडलं", "झालं" ही सगळी क्रियापदं पळपुटी, असं मात्र ठरवू नका. घरात ग्लास फुटतो तेव्हा "माझ्याकडून ग्लास फुटला" म्हणण्यात कबुलीही आहे आणि "मुद्दाम नाही केलं" हेही आहे. इंग्रजीत "आय ब्रोक द ग्लास" म्हणणारा मुलगा प्रामाणिक आणि मराठीत "फुटला" म्हणणारा चलाख, असं काही नाही. "मी ग्लास फोडला" हे मराठीत रागाच्या भरात भिंतीवर आपटल्यासारखं ऐकू येतं. म्हणून आजीला सांगताना फुटला म्हणा. पेशवाईच्या बाबतीत जरा विचार करा.

आणि व्हॉइस म्हणजे प्रयोग नव्हे, हे कुणाला पटवायचं असेल तर "तू पोळी खाल्लीस" हे वाक्य त्यांच्यापुढे ठेवा. "खाल्ली" पोळीचं ऐकतंय, शेवटचा "स" तुझं. एका क्रियापदाने दोघांनाही धरून ठेवलंय. व्याकरणात याला संकर प्रयोग म्हणतात. याचा ॲक्टिव्ह-पॅसिव्ह करून दाखवा म्हणावं.